ठकठक काका

डोंबिवलीत कुणाकडे वास्तुशांत असली की पाहुणे आधी टाइल्स बघतात, मग खिडकीतून समोरच्याचं स्वयंपाकघर दिसतं का ते बघतात आणि पानावर बसतात. ठकठक काका दारातच थांबतात. मधलं बोट वाकवून दारावर तीनदा ठोकतात, कान देतात, आणि यजमानाकडे अशा नजरेने बघतात, जी मी फक्त आयसीयूच्या बाहेर पाहिली आहे. 'फ्लश डोअर. आत तुकडे भरलेत. असो, घर हवेशीर आहे हो!'

हयात रेल्वेच्या स्टोअर्स खात्यात गेली. रुळांखाली साल आणि सागाचे स्लीपर होते तेव्हा नोकरीला लागले, काँक्रीटचे आले तेव्हा मनातून निवृत्त झाले. कागदोपत्री निवृत्ती बऱ्याच वर्षांनी आली.

गाणाऱ्यांची असतात तशी सागाची त्यांच्याकडे घराणी आहेत: बर्मा, सीपी, वलसाडी, दांडेली. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, आपल्या चंद्रपूर-बल्लारपूरकडचा साग. तो प्रांत 1950 साली नकाशावरून गेला; लाकडाच्या वखारीत अजून त्याचं राज्य चालू आहे.

माझ्या दाराच्या चौकटीसाठी आम्ही एकदा कल्याणच्या एका वखारीत गेलो. मालकाने एका ओंडक्यावर थाप मारून सांगितलं, 'अस्सल बर्मा.' काकांनी खिशातून चाकू काढला (हा माणूस लग्नालाही चाकू घेऊन जातो), एक ढलपी उडवली आणि नाकाशी धरली.

'बर्माने 2014 साली गोल लाकूड बाहेर द्यायचं बंद केलं. हा काय पोहत आला? घानाचा आहे. नाहीतर इक्वेडोरचा. कोवळा आहे, बाहेरचं पांढरं बघ केवढं! गाभा भरायला वेळच दिलेला नाही.'

मालक शांतपणे म्हणाला, 'काका, घ्यायचंय की नुसता वास घ्यायचाय?'

अर्थात नुसता वास घेऊन आम्ही परतलो. लोकलमध्ये त्यांनी सांगितलं की सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने कल्याणच्या बंदरातून शिसवी लाकूड परदेशी जातं असं लिहून ठेवलंय. 'आणि आता इथे इक्वेडोरहून येतं,' असं म्हणून त्यांनी ठाकुर्लीपर्यंत कुणाशीही बोलायचं नाकारलं.

पॉलिशवर तर बोलूच नये. खरं पॉलिश एकच: लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि सुती बोळ्याने हातावर हात चढवत जायचं. त्यावर गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, हे मी म्हणालो. 'मग कपाखाली बशी ठेव!' पीयूला ते 'लाकडाचा रेनकोट' म्हणतात आणि सनमायकाचं नाव घरात काढू देत नाहीत.

मी एकदा धीर करून प्लायची बाजू मांडली. 1996 साली सुप्रीम कोर्टाने रानातल्या तोडीला लगाम घातला, तेव्हापासून प्लायवाले शेतातल्या झाडांकडे वळले. यमुनानगरचा प्लाय तिथल्या शेतकऱ्यांच्या पॉप्लर-निलगिरीचा असतो, त्यात जंगल वाचतं, वगैरे. काकांनी ऐकून घेतलं. 'बरोबर आहे. पण तुझ्या मागच्या कपाटाचं काय झालं?' मागचं कपाट नळ गळला तसं फुगलं होतं आणि आम्ही ते नवव्या वर्षी फेकलं होतं. 'कार्ल्याच्या लेण्यातल्या लाकडी कमानी दोन हजार वर्षं उभ्या आहेत,' ते म्हणाले. 'झाड तोडलंस तर निदान त्याच्या वयाइतकं तरी वापर.' इथे मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

एक मात्र खरं, या माणसाने चाळीस वर्षांत रानातलं एक झाडही पाडायला लावलेलं नाही, कारण एकही लाकूड त्यांच्या पसंतीला उतरलेलं नाही. त्याची किंमत काकू मोजतात. त्यांच्या ओट्याखालच्या कपाटांना दारं नाहीत, पडदे आहेत. 'सीपी साग मिळाला की करू,' हे वाक्य त्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून ऐकताहेत. मुलगी सासरी गेली, नातू दहावी झाला. पडदे तेवढे बदलले.

गेल्या वर्षी काकांची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. पाडणाऱ्याने जुन्या चौकटी भंगारात घातल्या. काकांनी बोट वाकवून तीनदा ठोकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. सीपी! पन्नास वर्षं ज्या दारातून ये-जा केली, ते ठोकून बघायचं राहूनच गेलं होतं. भंगारवाल्याला पैसे मोजून एक चौकट हातगाडीवरून थेट माझ्याकडे आली. 'पन्नास वर्षं वाळलंय. आता ते वाकायचं नाही, त्याला वाळवी लागायची नाही. आणि तुझ्यासाठी नवं झाड पडायला नको.'

मला मनापासून पटलं. मिस्त्रीने माप घेतलं. आमच्या बिल्डरने दारासाठी सोडलेली जागा चौकटीपेक्षा तीन इंच अरुंद निघाली. मिस्त्रीने करवत उचलली, तसे काका चौकटीत जाऊन उभे राहिले.

चौकट सध्या आमच्या दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात भिंतीला टेकून उभी आहे. सेक्रेटरी तिच्यावर पाणीकपातीच्या नोटिसा डकवतात. चिकटपट्टीने, खिळा मारायची कुणाची छाती होत नाही.