पाठांतराला वीस गुण

१ ऑगस्ट, लोकमान्यांची पुण्यतिथी. रत्नागिरीतल्या एका शाळेत वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. बाहेर धो धो पाऊस, पत्र्यावर इतका आवाज की तिसऱ्या रांगेपलीकडे काही पोचत नव्हतं. चौदा मुलं बोलली. ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग’पासून शेंगांच्या टरफलांपर्यंत सगळी भाषणं एकाच छापाची. हात कुठं उचलायचा, आवाज कुठं चढवायचा, तेही ठरलेलं. एखादा शब्द निसटला की मूल डोळे मिटायचं आणि गाडी पुन्हा अध्यक्ष महोदयांपासून सुरू.

भाषण कागदावरून वाचता येतं, पाठ म्हणता येतं, चिठ्ठीवर चार मुद्दे टिपून करता येतं, आयत्या वेळी उभं राहूनही करता येतं. यातला एकच प्रकार आपण मुलांना शिकवतो, आणि तोही नेमका बोलणाऱ्याला विचार करावा न लागणारा. श्लोक पाठ करा, कविता करा, पाढे तर कराच. पण दुसऱ्यानं लिहून दिलेलं मत आपलं म्हणून सांगायची सवय आठव्या वर्षी लावू नका. पुढं ग्रामसभेत हीच मुलं तोंड उघडत नाहीत. तिथं लिहून द्यायला कुणी नसतं.

आणि हे टिळकांच्या नावानं! टिळक शब्दांची आतषबाजी करणारे वक्ते नव्हते, मुद्द्याला धरून साधं बोलायचे. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ते मुंबई हायकोर्टात ज्युरीपुढं स्वतः उभे राहिले आणि सगळे दिवस मिळून २१ तासांवर बोलले. ‘केसरी’तल्या लेखांचं सरकारी इंग्रजी भाषांतर कुठं चुकलंय, कुठल्या मराठी शब्दाचा खरा अर्थ काय, हे एकेक शब्द धरून सांगत राहिले. ज्युरीतले सात विरुद्ध गेले, दोघे बाजूनं राहिले. शिक्षा सहा वर्षांची झाली. तरी १९१६ मध्ये बेळगाव आणि अहमदनगरला स्वराज्यावर बोलायला ते उभे राहिलेच, मराठीतून.

त्या चौदांत चौथीतली एक मुलगी तिसऱ्याच वाक्याला अडली. फ्रॉकची कड बोटाला गुंडाळत गप्प उभी राहिली. मग म्हणाली, “टिळक आळीतलं त्यांचं घर मी बघितलंय. अंगणात पुतळा आहे. पावसात तिथला जांभा निसरडा होतो, मी पडले. आजी म्हणाली, टिळकपण लहानपणी इथंच पडले असतील.”

पत्रा वाजत असूनही मागची रांग हसली. म्हणजे तिथपर्यंत पोचलं होतं.

शाळांना सांगणं आहे, पुढच्या वर्षी भाषण लिहून देऊ नका. मुलांना आधी त्या घरी न्या, तासभर हिंडू द्या आणि गुणांच्या तक्त्यात ‘पाठांतर’ खोडून ‘स्वतःचं वाक्य’ असं लिहा.

माझ्या हातातल्या तक्त्यात पाठांतराला वीस गुण होते. तिला त्यातले चार देता आले. तिचा नंबर आला नाही.