न्हाणीतले अण्णा

न्हाणीत पाणी तुंबलं की घरातल्या सगळ्यांची तोंडं उतरतात आणि अण्णांचं खुलतं. बिदर जिल्ह्यातलं भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण, कुठल्याही गल्लीत शिरा, असे एक तरी अण्णा भेटतातच. बहुधा निवृत्त मास्तर, नाहीतर तहसीलमधले हेडक्लार्क. निरोप समारंभात शाल मिळाली, नारळ मिळाला आणि हुकूम सोडायला जागा म्हणून उरली ती चार बाय पाचची न्हाणी. ‘अण्णा, पाणी जाईना’ एवढी हाक येऊ द्या. पेपर खाली, चष्मा कपाळावर, लुंगी गुडघ्याच्या वर.

त्यांचा डबा कॉटखाली असतो. त्यात सायकलच्या ब्रेकची तार, तिच्या टोकाला वळवलेला आकडा, बांबूची कामटी, बोथट पेचकस आणि मुलानं हैदराबादहून आणलेला रबरी प्लंजर. प्लंजर अजून प्लास्टिकच्या पिशवीतच आहे. रबराच्या भरवशावर अण्णांनी आयुष्यात काही केलेलं नाही.

पण डबा उघडला म्हणजे काम सुरू झालं असं नाही. आधी इतिहास होतो. बहामनी सुलतानांनी 15व्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून (आताच्या कलबुर्गीहून) बिदरला आणली, तेव्हा इराणी पद्धतीचे करेझ खोदवले. जमिनीखालचा बोगदा, मधूनमधून हवा-उजेडाला उभ्या विहिरी, आणि पाणी नुसत्या उतारावर वाहत येणार. मोटार नाही, लाइट नाही. नौबादचा करेझ आजही बघायला मिळतो. किल्ल्यातला शाही हमाम तर इतका भक्कम, की त्यात आता संग्रहालय भरलंय. ‘तिथली मोरी तुंबल्याचं कधी ऐकलं का?’ अण्णा विचारतात. तिथं कित्येक पिढ्यांत कुणी अंघोळही केलेली नाही, हे घोटाभर पाण्यात उभ्या असलेल्या सुनेनं सांगायचं नसतं. आणखी एक गोष्ट घरात कुणी बोलत नाही. याच न्हाणीचा उतार मोरीकडे नसून दाराकडे आहे, आणि फरशी बसवताना लेव्हल धरून अण्णा स्वतः उभे होते.

इतिहासानंतर फिर्याद. संशयित अर्थातच लांब केसांच्या सगळ्याजणी. ‘आमच्या वेळी मोरी तुंबत नव्हती’ हे अण्णांचं वाक्य मात्र खोटं नाही. तेव्हा न्हाणीला शहाबादी फरशी असे. शहाबाद शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातच, दगड घरचाच. भिंतीला बुडाशी एक भोक, त्यातून पाणी थेट परसातल्या केळीला. तुंबायला मध्ये काही नव्हतंच. बायका केस विंचरायच्या ओसरीवर, गुंतवळ गोळा करून ठेवायच्या आणि त्यावर बोहारणीकडून काहीतरी पदरात पाडून घ्यायच्या. आता शॉवर आला, शाम्पूच्या पुड्या आल्या आणि फरशीखाली ट्रॅप आला. त्याच्या वाकणात दोन बोटं पाणी कायम साचून राहतं, म्हणून नालीचा वास घरात येत नाही. ही नळी वाकवण्याची अक्कल अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीची. त्यानं 1775 साली लंडनमध्ये संडासासाठी तिचं पेटंट घेतलं. वास अडवणारं वाकण केसही अडवतं, त्याला कमिंग तरी काय करणार! त्यात आपलं बोअरचं पाणी जड. साबणाला फेस कमी आणि चिकट साका जास्त. तो केसांवर बसला की असा बूच तयार होतो, की कॉर्कवाल्यानं शिकायला यावं.

मग मुलाचा फोन येतो. त्यानं मोबाइलवर बघितलंय, खायचा सोडा टाका, वर व्हिनेगर ओता. फस्‌स्‌ करून फेस वर येतो, नातवंडं टाळ्या पिटतात. पाणी जागचं हलत नाही. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून मोकळे झाले, केसांना धक्कासुद्धा नाही. (हे अण्णांनी सातवीला शिकवलेलं असतं, पण मुलाचा शब्द मोडवत नाही.) वर पातेलंभर उकळतं पाणी ओततात, त्यानं प्लास्टिकचा पाइप मऊ पडतो. दुकानात डब्यात मिळणारी कॉस्टिकची पावडर मात्र खरंच केस विरघळवते. तिला अर्धा तास द्यावा लागतो, हातमोजे घालावे लागतात, ॲसिडजवळ तिला न्यायचं नसतं. अण्णा डब्यावरचा कन्नड मजकूर मोठ्यानं वाचतात, शुद्धलेखनाच्या दोन चुका काढतात आणि पाचव्या मिनिटाला काठीनं ढोसायला लागतात.

शेवटी सुनेनं गुपचूप बोलावलेला प्लंबर दारात उभा राहतो. ‘चच्चा, लकडी नक्को डालो, पाइप फुट जाता.’ अण्णा त्याला चहा पाजतात, करेझ सांगतात आणि परत पाठवतात. या घरात उपदेश मराठीत होतो, मजुरीची घासाघीस दखनीत आणि शेजाऱ्याशी भांडण कन्नडात. शेजाऱ्याशी भांडण असायलाच हवं, कारण अण्णांची नाली त्याच्या भिंतीजवळून जाते. ‘नीरु होगल्ल री,’ (पाणी जात नाही हो,) अण्णा म्हणतात. दोष कुंपणाच्या अलीकडे की पलीकडे यावर जो युक्तिवाद चालतो, तो महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरच्या महाजन आयोगापुढेही झाला नसेल. 1956ला बिदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे, आजच्या महाराष्ट्रात गेले, भालकी-औराद इकडे, आजच्या कर्नाटकात राहिले. अण्णांची बहीण उदगीरला. तिची मोरी तुंबत नाही, हा त्यांच्या मते केंद्र सरकारनं केलेला अन्याय आहे.

अखेर जाळी निघते, आकडा आत जातो. डोळे मिटून, ओठ दाबून अण्णा तार फिरवतात आणि हळूहळू वर ओढतात. जे बाहेर येतं त्याचं वर्णन जेवणाआधी वाचणाऱ्यांसाठी टाळतो. पण ते फेकायचं नाही! अंगणात पेपर अंथरून मांडायचं. केसांचा दोर, शाम्पूच्या पुडीचं टोक, दोन टिकल्या, साबणाच्या चिपट्या. ‘ही पुडी दोन दिवाळ्यांपूर्वीची,’ अण्णा छापावरून काळ ठरवतात. चिपट्यांचा काळ ते ठरवत नाहीत. झिजलेला साबण नव्या वडीला चिकटवायची काटकसर घरात एकाच माणसाची आहे. गल्लीतले लोक येऊन बघून जातात.

एक खरं की अण्णा या कामाला हलकं मानत नाहीत. आपली घाण काढायला दुसऱ्या कुणाला हाक मारायची, आणि ती कुणाला मारायची हे जातीवरून ठरायचं, अशा गावात वाढलेल्या माणसानं कोपरापर्यंत हात घालणं थोडं नाही. मात्र रोज अंघोळ झाल्यावर जाळीवरचे चार केस दोन बोटांनी उचलून टाकणाऱ्या बाईचं व्यक्तिचित्र कुणी लिहीत नाही. तिनं हे आठ दिवस सोडलं, की अण्णांचं सुरू होतं.

मोरी गडगडते, पाणी गोल फिरून जातं. अण्णा कमरेवर हात ठेवून म्हणतात, ‘अजून एक बादली ओत.’ नातू ओततो. जातं. ‘अजून एक.’ जातं. मग हंडा, मग पिंप, मग टाकीचा नळ पूर्ण सोडून. डोक्याला शिकेकाई लावून बसलेली सून बाहेरून ओरडते, ‘अण्णा, नळाला पाणी आता परवा येणारंय!’

‘येऊ दे की,’ अण्णा तार पुसत म्हणतात, ‘मोरी मोकळी आहे.’