लाइनच्या शेपटीला

सेसमॉइड नावाची दोन हाडं आपल्या मालकीची आहेत, हे मला पन्नाशीनंतर कळलं. पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याच्या बाजूने, ती शेजारीशेजारी बसलेली असतात; जेमतेम सेंटिमीटरभराची, स्नायूच्या कंडरेत रुतलेली. गुडघ्याची वाटी त्यांच्याच कुळातली, पण तिला सगळे ओळखतात. या धाकट्यांना कुणी विचारत नाही, आणि टाच उचलून पाऊल पुढे टाकताना भाराचा मोठा वाटा मात्र त्यांच्याच डोक्यावर. त्यातही आतल्या बाजूच्या हाडावर जास्त.

बरं, एवढं राबणाऱ्याला रक्त तरी पोटभर मिळावं! तळपायाच्या धमन्यांचे बारीक फाटे या हाडात शिरतात ते मुख्यतः टाचेकडच्या टोकाने आणि खालून. बोटाकडच्या टोकाला उरलंसुरलं. डॉक्टर हे समजावत होते आणि मला आमच्या लेआउटची पाण्याची लाइन दिसत होती. कावेरीचं पाणी बंगळूरला 1974 पासून येतंय, सुमारे शंभर किलोमीटरवरून, जवळजवळ अर्धा किलोमीटर उंच चढवून. एवढं चढून आलेलं पाणी शेवटच्या गल्लीत दमतं, आणि आम्ही नेमके लाइनच्या शेपटीला. शेजारच्या आंटी गच्चीवरून विचारतात, "नीरु बंता?" पाणी आलं का? 2024च्या उन्हाळ्यात तर टँकरचा भाव ऐकून तळपायाची आग मस्तकात जायची, तळपायात रक्त असो वा नसो.

पण घराला निदान संप, म्हणजे जमिनीखालची टाकी असते, बोअर असते. हाडाला यातलं काहीच नाही. म्हणून तिथे चीर गेली की भरायला महिनोन्‌महिने लागतात, कधी भरतच नाही. पुरवठा पार तुटला तर हाड मरतंसुद्धा.

त्यात काहींचं हे हाड मुळातच दोन तुकड्यांत असतं. एक्स-रेत कडा गुळगुळीत दिसल्या तर ते जन्मजात, खडबडीत दिसल्या तर मोडलेलं. माझा एक्स-रे बघून एक डॉक्टर म्हणाले, मोडलंय. दुसरे म्हणाले, तुम्ही आहातच असे. हिने दुसरं मत तत्काळ उचलून धरलं.

काढूनच टाका म्हणावं, तर आतलं काढल्यावर अंगठा शेजारच्या बोटावर रेलू शकतो, बाहेरचं काढल्यावर उलट दिशेला. तेव्हा विश्रांती, कडक तळाचा बूट आणि दुखऱ्या जागी खळगा ठेवलेली गादी.

हल्ली संध्याकाळी मल्लेश्वरममधल्या एका भरतनाट्यमच्या वर्गावरून जाताना पाय आपोआप थबकतो. नऊ-दहा वर्षांच्या मुली कुदित्तमेट्टु करत असतात: चवड्यांवर उडी, मग टाच दणकन खाली. अनवाणी, ग्रॅनाइटवर. या वयात ती हाडं कूर्चेतून नुकती कुठे घडू लागलेली असतात. पोरींना त्याचा पत्ता नाही. दर ठोक्याला कळ येते ती फाटकाबाहेर, माझ्या अंगठ्यात. आणि टीचर आतून ओरडतात, "इन्नू जोरागि!" आणखी जोरात.