सेटिंग बदलली, पण कुठे आणि कधीपासून?

आमच्याकडे सेटिंग बदलायचं एक पान आहे. रकान्यात नवा आकडा टाकायचा, बटण दाबायचं, की वर हिरवी पट्टी येते: ‘बदल यशस्वी’. माझी तक्रार या हिरव्या पट्टीबद्दल आहे. तिला एवढंच ठाऊक असतं की आकडा डेटाबेसमध्ये लिहिला गेला. त्या आकड्यावर ज्या प्रोसेस चालतात त्यांच्यापर्यंत तो पोचला का, हे तिने कुणाला विचारलेलंच नसतं. तरी ती हिरवी होते, आणि तिच्या भरवशावर माणसं ग्राहकाला ‘झालं तुमचं काम’ असं कळवून मोकळी होतात. पुढची बोलणी सपोर्टवाला खातो.

हे का होतं ते सांगतो. पैशांचे व्यवहार सतत वाहत येतात, ते आम्ही काफ्कातून घेतो. लिंक्डइनमध्ये तयार होऊन २०११ मध्ये ओपन सोर्स झालेली ही यंत्रणा टॉपिकची पार्टिशन पाडते, आणि एका कन्झ्युमर ग्रुपमध्ये एक पार्टिशन एका वेळी एकाच कन्झ्युमरकडे असतं. क्रमाची हमी फक्त त्या पार्टिशनपुरती. शेजारच्या पार्टिशनमध्ये काय चाललंय याच्याशी त्या कन्झ्युमरला देणंघेणं नाही, आणि म्हणूनच काफ्काला एवढा भार पेलतो. पण सेटिंग ही सगळ्यांची असते. समजा, संशयित व्यवहार अडवायची मर्यादा ५०,००० रुपयांवरून २५,००० वर आणली. पार्टिशन १२. प्रत्येक प्रोसेस दर पाच मिनिटांनी डेटाबेस वाचते, आणि ही पाच मिनिटं जिची तिने स्वतः सुरू झाल्यापासून मोजलेली. म्हणजे पाच मिनिटांपर्यंत एकाच कंपनीत दोन नियम चालू. त्या काळात ३०,००० चे दोन व्यवहार आले, तर एक अडतो आणि दुसरा सुटतो. कारण एवढंच, की एका खात्याचा हॅश तिसऱ्या पार्टिशनला जातो आणि दुसऱ्याचा सातव्या. ज्याचा व्यवहार अडला त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

यावर पहिला सल्ला मिळतो तो ‘रिस्टार्ट मारा’. एक आकडा बदलायला रिस्टार्ट! एक कन्झ्युमर गेला की ग्रुपमध्ये रिबॅलन्स सुरू होतो. जुन्या पद्धतीत तर सगळे कन्झ्युमर हातातली सगळी पार्टिशन सोडून नव्या वाटणीची वाट बघत बसायचे. २०१९ मध्ये काफ्का २.४ ने यात सुधारणा केली, पण जुनीच कॉन्फिग वर्षानुवर्षं पुढे ओढणाऱ्यांना तिचा काय उपयोग? काफ्का स्ट्रीम्स वापरत असाल आणि डिस्कवरची स्टेट गेली, तर ती चेंजलॉग टॉपिकमधून पुन्हा उभी राहीपर्यंत लॅग चढत राहतो. आणि एवढं करून मूळ दुखणं तसंच. रोलिंग रिस्टार्टमध्ये एकेक प्रोसेस उठते, म्हणजे तेवढा वेळ जुना आणि नवा नियम शेजारी शेजारी चालतातच.

दुसरा सल्ला असा, की सेटिंगचा मेसेज डेटाच्याच टॉपिकमध्ये टाका. तो टाकला की किल्लीच्या हॅशप्रमाणे कुठल्यातरी एकाच पार्टिशनमध्ये जाऊन पडतो. उरलेल्या अकरांना पत्ता नाही. टेस्टिंगला टॉपिकमध्ये एकच पार्टिशन असतं, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत दिसतं आणि ‘आमच्याकडे तर चालतंय’ हे वाक्य टिकेटवर लिहून टिकेट बंद होतं. हे वाक्य लिहिणाऱ्याने आधी पार्टिशन किती होती ते लिहावं, अशी माझी साधी अपेक्षा आहे.

साधनं नाहीत म्हणून हे होतं असंही नाही. फ्लिंक या वाहत्या डेटावर काम करणाऱ्या यंत्रणेत २०१८ च्या १.५ आवृत्तीपासून ब्रॉडकास्ट स्टेट आहे. नियमांचा प्रवाह प्रत्येक टास्ककडे पोचतो आणि प्रत्येक जण आपली प्रत ठेवतो. पण त्याच्या कागदपत्रांत स्वच्छ लिहिलंय, की नियमांचे मेसेज वेगवेगळ्या टास्कना वेगवेगळ्या क्रमाने मिळू शकतात. ते वाचायची तसदी घ्यायची नाही आणि ‘आधीच्या मर्यादेत ५,००० वाढवा’ असे मेसेज पाठवायचे, मध्येच कुणीतरी ‘मर्यादा २५,००० करा’ असा मेसेज सोडायचा, आणि मग तीन टास्कमध्ये तीन आकडे का म्हणून विचारायचं. पूर्ण नवा आकडा आवृत्ती क्रमांकासह पाठवला आणि जुना क्रमांक उशिरा आला तर तो टाकून दिला, की हा प्रश्न उरत नाही. काफ्का स्ट्रीम्सच्या ग्लोबल केटेबलचंही असंच. सुरुवातीला ती सगळी भरते आणि मगच काम चालू करते, हे उत्तम. पण नंतरचे बदल तिच्यात स्वतंत्रपणे येत राहतात. डेटाच्या वेळेशी त्यांचा मेळ घातला जात नाही.

या वेळेच्या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त राग येतो. एखादं पार्टिशन अर्धा तास मागे आहे. सेटिंग बदलली आत्ता, अकरा वाजता. ते पार्टिशन आत्ता साडेदहाचे व्यवहार वाचतंय आणि त्यांना अकराचा नियम लावतंय. उद्या एखादा बग निघाला आणि ऑफसेट मागे नेऊन कालचा डेटा पुन्हा चालवला, की कालच्या व्यवहारांना आजचा नियम लागतो. निकाल कालच्याशी जुळत नाहीत, आणि का जुळत नाहीत याचा कागद कुणाकडे नाही. दर बदलला की जुना लावायचा की नवा, हा प्रश्न काही संगणकवाल्यांनी पहिल्यांदा पाहिलेला नाही. जीएसटीचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले, तेव्हा ती तारीख आधीच जाहीर केलेली होती. केंद्रीय जीएसटी कायद्याचं १४ वं कलम तर खास दरबदलासाठीच आहे. पुरवठा, बिल आणि पैसे मिळणं यांच्या तारखा पाहून कोणता दर लावायचा ते ठरतं. कायदा लिहिणाऱ्यांना जे सुचलं, ते सेटिंगचं पान बनवणाऱ्यांना का सुचू नये?

‘एवढी काय मोठी गोष्ट’ म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला. १ ऑगस्ट २०१२ च्या आधीच्या काही दिवसांत अमेरिकेत नाइट कॅपिटल या ब्रोकर कंपनीने आपल्या आठ सर्व्हरवर नवा कोड चढवला. त्यातला एक सर्व्हर राहून गेला. नव्या कोडने जो फ्लॅग वापरला होता, तोच त्या आठव्या सर्व्हरवर जुना, बंद पडलेला कोड जागा करत होता. १ ऑगस्टला सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक सौदे झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. आठांपैकी सात ठिकाणी सगळं बरोबर होतं. आठव्याची चौकशी कुणी केली नव्हती.

याउलट काफ्काच्या स्वतःच्या ब्रोकरच्या, म्हणजे सर्व्हरच्या, सेटिंग पाहा. २०१८ च्या १.१ आवृत्तीपासून त्यातल्या बऱ्याच रिस्टार्टशिवाय बदलता येतात, आणि कोणती सेटिंग चालू असताना बदलत नाही, कोणती एकेका ब्रोकरपुरती बदलते आणि कोणती सगळ्या क्लस्टरला लागू होते, हे प्रत्येकीसमोर लिहिलेलं असतं. आपल्या पानावर असा एक रकाना वाढवायला कुणाची हरकत आहे?

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक बदलाला आवृत्ती क्रमांक द्या. तो कोणत्या वेळेच्या व्यवहारांपासून लागू ते त्यातच लिहा, आणि ती वेळ थोडी पुढची ठेवा, म्हणजे सगळ्यांपर्यंत पोचायला सवड मिळेल. जुन्या आवृत्त्या पुसू नका, डेटा पुन्हा चालवताना त्या लागतात. प्रत्येक प्रोसेसने ‘मी अमुक आवृत्तीवर आहे’ असं परत कळवलं पाहिजे. आणि निघणाऱ्या प्रत्येक निकालावर तो कोणत्या आवृत्तीने काढला याचा शिक्का हवा. एक पूर्णांकाचा रकाना, बस. व्यवहार का अडला असं ग्राहकाने विचारलं, तर सपोर्टवाल्याला मिनिटभरात उत्तर देता येईल.

आणि ती हिरवी पट्टी. तिच्यावर ‘१२ पैकी ११ पार्टिशनवर लागू, क्रमांक ७ अजून जुन्या आवृत्तीवर’ असं लिहा, आणि उरलेलं पार्टिशन हो म्हणेपर्यंत तिला पिवळी राहू द्या. ज्या टीमकडे असं पान आहे त्यांनी हे काम पुढच्या तिमाहीवर ढकलू नये. येत्या स्प्रिंटमध्ये घ्यावं, ही विनंती.