एवढं लांब जातोच आहोत तर…

रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ, पण घरात साखरेचा डबा कुठे असतो ते बायकोला विचारावं लागतं, असे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. नालासोपाऱ्याच्या आचोळ्यात तर ते फ्लॅटबरोबरच मिळतात. पार्किंगचा भरवसा नाही, पाण्याचा तर नाहीच नाही, काका मात्र नक्की. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी एमटीएनएलमधून, कुणी मंत्रालयातून. पण खातं कुठलंही असो, माणूस एकच.

हा माणूस कळायला त्याची नोकरी कळायला हवी. नोकरी म्हणजे ऑफिसातलं काम नव्हे. ते खुद्द काकांनाही आता आठवत नाही. नोकरी म्हणजे सकाळची लोकल. नालासोपाऱ्याहून चर्चगेटला जायचं तर चर्चगेटच्या गाडीत चढावं, असं नवख्याला वाटतं. जाणकार आधी उलट्या दिशेनं विरारला जातो, त्याच गाडीच्या खिडकीत बसून राहतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा नालासोपाऱ्यावरून जाताना फलाटावरच्या गर्दीकडे दयेनं बघतो. याला ‘रिटर्न येणं’ म्हणतात. तीस-पस्तीस वर्षं रोज असं केलं की पुढे जायचं असेल तर आधी भलतीकडे जावंच लागतं, अशी माणसाची पक्की समजूत होते. म्हणून काकांनी ‘दक्षिण भारत’ काढला की तो अंदमानपासून सुरू होतो. मीनाक्षीला जायचं ना? मग आधी पोर्ट ब्लेअरला जाऊन रिटर्न यायचं.

काकांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावतं: “एवढं लांब जातोच आहोत तर…” पुढची टिंबं महत्त्वाची. त्या टिंबांमध्ये आजवर तिरुपती, उटी, कोडाईकॅनाल आणि एकदा तर श्रीलंकाही बसलेली आहे. नागपट्टिणम ते कांकेसंतुरै फेरीबोट ऑक्टोबर २०२३मध्ये सुरू झाली, ही बातमी आचोळे रोडवर सर्वांत आधी कळली ती काकांना. पासपोर्टची मुदत संपलेली निघाली म्हणून श्रीलंका वाचली.

त्यांच्याकडे एक पारदर्शक प्लॅस्टिकची फाइल असते, तिला दोन रबरबँड. आत रविवारच्या पुरवण्यांतल्या टूर कंपन्यांच्या जाहिरातींची कात्रणं, दहा वर्षांपूर्वीच्या हॉटेलांची बिलं, आणि घड्यांवर सेलोटेप लावलेला भारताचा नकाशा. काका अंतर मोजतात ते वितीनं. अंगठा आचोळ्यावर, करंगळी चेन्नईवर: एक वीत. मग अंगठा चेन्नईवर आणि करंगळी, जरा ताणून, अंदमानवर: दुसरी वीत. “बघा, अर्धं अंतर तर आपण कापलेलंच असतं!” पुढे समुद्र आहे, जहाजानं गेलं तर अडीच-तीन दिवस लागतात, हे करंगळीला कळत नाही.

सहलीची बैठक रविवारी संध्याकाळी, खाली पार्किंगमध्ये, गणपतीत वापरायच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. मागण्या ठरलेल्या. ज्येष्ठ महिला मंडळाला रामेश्वर आणि मदुराई. सुनांना एक शांत किनारा, जिथे चार रात्री कुणी उठवणार नाही आणि नाश्ता आयता मिळेल. मुलांना वायफाय. तिसऱ्या मजल्यावरचे मालवणचे शेजारी दरवेळी एकच विचारतात, “समुद्रच बघूचो तर आमच्या तारकर्लीक काय झाला? रात्री गाडीत बसा, सकाळी थंयसर.” काकांचं उत्तरही ठरलेलं: “तारकर्ली कुठे पळून जाते? ती आपलीच आहे.”

या न्यायानं आपलं म्हणून जे काही आहे, ते काकांनी पाहिलेलं नाही. राजोडी आणि कळंबचे किनारे रिक्षानं जाण्याइतके जवळ, पाहिलेले नाहीत. अर्नाळ्याचा किल्ला बेटावर आहे, होडीनं काही मिनिटांत जाता येतं, पाहिलेला नाही. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप उकरला, तोही नाही. तो स्टेशनच्या पश्चिमेला आहे, म्हणजे पूल ओलांडावा लागतो.

खरं तर सोपाऱ्याला बेटांची परंपरा मोठी आहे. ‘महावंस’ या श्रीलंकेच्या पाली बखरीत विजय नावाच्या राजपुत्राची गोष्ट आहे. त्याच्या आणि त्याच्या सातशे साथीदारांच्या उपद्व्यापांना कंटाळून राजानं, म्हणजे बापानंच, सगळ्यांची अर्धी डोकी भादरली आणि त्यांना जहाजात घालून समुद्रात सोडून दिलं. बायकांची पाठवणी वेगळी, मुलांची वेगळी. मुलं एका बेटाला लागली, बायका दुसऱ्या बेटाला, आणि पुरुषमंडळी थेट आपल्या सोपाऱ्याला. इथेही त्यांनी दंगा केला, तो अंगाशी आला, तेव्हा जहाज पुन्हा हाकारून ते लंकेला गेले. ग्रुप टूरमध्ये होऊ शकतं ते सगळं एकाच सहलीत होऊन गेलेलं आहे. काकांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, “सातशे माणसं… ग्रुप डिस्काउंट केवढा मिळाला असेल!”

पार्किंगमधल्या बैठकीत बेटाची निवडणूक झाली, तेव्हा लक्षद्वीप पहिल्याच फेरीत पडलं. पंतप्रधान जानेवारी २०२४मध्ये तिथे गेले आणि काकांनी दुसऱ्याच दिवशी फाइल उघडली होती. छत्तीस बेटं, वस्ती दहांवर, आणि कोचीहून विमान किंवा जहाज. कोची म्हणजे दक्षिण भारत, म्हणजे ‘वाटेतच’. पण प्रवेशाचा परवाना लागतो हे कळल्यावर निम्मी माणसं कुरकुरली, आणि एक बंगारम सोडलं तर तिथे दारूबंदी आहे हे कळल्यावर उरलेल्या निम्म्यांना अचानक देवदर्शनाची ओढ लागली. अंदमान बहुमतानं पास झालं. काकांनी त्यावर सावरकरांचं नाव घेतलं, मग विरोध करायची कुणाची छाती होती?

एक गोष्ट मान्य करायला हवी. कल्पना मुळात चांगली आहे. दक्षिणेची यात्रा माणसाला दमवते. पहाटे चारला उठा, रांगा लावा, चपला सांभाळा, पुन्हा बसमध्ये बसा. अशा यात्रेच्या शेवटी चार दिवस समुद्रकाठी निवांत पडून राहावं, हे शहाणपणाचंच आहे. पण काकांनी बेट आधी घेतलं. का? “दमल्यावर बीच काय नीट बघून होणार?”

आरक्षणाचा दिवस म्हणजे काकांचा दसरा. पूर्वी रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं. नोव्हेंबर २०२४पासून ते ६० दिवसांवर आलं. काकांच्या आयुष्यातले दोन महिने कुणी काढून घेतल्यासारखे ते तेव्हापासून बोलतात. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०मध्ये बंद झाली, तिचा हिशेब तर दर तिकिटामागे नव्यानं होतो: पुरुषांना चाळीस टक्के, बायकांना पन्नास, इतकी माणसं, इतके रुपये बुडाले. परतीची गाडी आधीच ठरलेली: नागरकोइल–गांधीधाम एक्सप्रेस. ती थेट वसई रोडला थांबते, दादर-कुर्ला करायला नको. फक्त आठवड्यातून एकदाच सुटते. त्यामुळे अंदमान, तंजावर, रामेश्वर आणि कन्याकुमारी या सर्वांना त्या एका गाडीच्या तालावर नाचावं लागलं.

डिसेंबरात मंडळी पोर्ट ब्लेअरला उतरली. गावाचं नाव २०२४पासून श्री विजयपुरम झालं आहे, हे काकांनी विमानातच सर्वांना दोनदा सांगितलं. सेल्युलर जेलमध्ये मात्र काका वेगळे दिसले. सावरकरांच्या कोठडीपाशी त्यांनी चपला काढल्या. ‘पुढे चला’ म्हणाले नाहीत, घड्याळ बघितलं नाही. मागची रांग खोळंबली तेव्हा काकींनीच हळूच त्यांचं कोपर धरलं.

दुसऱ्या दिवशी स्वराज द्वीप, म्हणजे आधीचं हॅवलॉक. राधानगरचा किनारा. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेलं: ‘सायं. ६.१५, सूर्यास्त पाहणे.’ सगळे सहा वाजता आंघोळी करून, पावडर लावून किनाऱ्यावर आले, तर काळोख. अंदमान इतकं पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे डिसेंबरात तिथे पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. सूर्यानं आपल्याला न कळवता वेळापत्रक बदललं, असा चेहरा करून काका पाण्याकडे बघत उभे राहिले. पायात मोजे आणि सँडल.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गेले. पांढरी वाळू, निळं पाणी, मागे उंच झाडं. काका वीस मिनिटांत म्हणाले, “चला, बीच झाला.” काकी वाळूत पाय पसरून बसल्या होत्या, साडीच्या निऱ्या गुडघ्यांत खोचून, हातात शहाळं. त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही व्हा पुढे.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी इथे बसल्येय. तुमचे बाकीचे पॉइंट बघून या.”

“अगं, पण इथे बसून बघायचंय काय?”

“काहीच नाही. तेच बघत्येय.”

हळूहळू सुना बसल्या. मग महिला मंडळ बसलं. मालवणचे शेजारी पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उभे राहून “तारकर्लीसारख्याच असा” म्हणत मनापासून खूश होते. काका एकटेच टॅक्सीपाशी उभे होते. ड्रायव्हरनं त्यांना विचारलं, साहेब, आपण का नाही बसत? काका म्हणाले, “ग्रुपची जबाबदारी असते.” निवांत बसण्याची ज्याला भीती वाटते, त्यालाच आपण सहलीचा नेता करतो, हा आपल्याकडचा जुना घोळ आहे.

चेन्नईला परत आल्यावर काका पुन्हा रंगात आले. महाबलीपुरम एका सकाळीत उरकलं. वाटेत जिंजी काढलीच. मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना २०२५मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत जागा मिळाली, त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा हा एकमेव. राजाराम महाराजांनी मोगलांशी झुंज दिली ती इथून. वर चढायचा ठराव गुडघ्यांनी बहुमतानं फेटाळला. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला. काकांनी त्याच्या ओळी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. थोड्याच वेळात भोवती तमिळ शाळकरी मुलांचा घोळका जमला. परमुलखात आपली अक्षरं दगडावर भेटली की माणूस उगाचच दोन इंच उंच होतो. काका तर चार इंच झाले.

मग रामेश्वर. एप्रिल २०२५मध्ये खुल्या झालेल्या नव्या पांबन पुलावरून गाडी समुद्रावर आली आणि सगळे खिडक्यांशी. काका माहिती देत होते: जुना पूल १९१४चा, नव्याचा मधला भाग जहाजासाठी लिफ्टसारखा सरळ वर उचलला जातो, देशात असा हा पहिलाच. सगळं ऐकून घेतल्यावर मालवणचे शेजारी शांतपणे म्हणाले, “काकानू, म्हणजे रामेश्वर ह्या पण बेटच?”

डब्यात शांतता पसरली.

बेटच. दोन्ही बाजूंना समुद्र, नारळ, वाळू, मासेमारांच्या होड्या, आणि वर ज्योतिर्लिंग. पुढे धनुष्कोडी, जिथलं गाव १९६४च्या डिसेंबरातल्या चक्रीवादळात समुद्रानं नेलं आणि आज उघड्या भिंती व लांबच लांब मोकळा किनारा उरला आहे. बेट आणि दक्षिण भारत एकाच तिकिटात. आपले पणजोबा-पणज्या कावडी घेऊन हेच करून आले, त्यांना करंगळी ताणावी लागली नव्हती. सर्वांच्या नजरा काकांकडे वळल्या. काकांनी रबरबँड काढला, पुन्हा घातला. “हे बेट वेगळं,” ते म्हणाले, “हे देवाचं.”

कन्याकुमारीला एकनाथजी रानड्यांच्या जिद्दीनं १९७०मध्ये उभं राहिलेलं शिलास्मारक घाईघाईत झालं, कारण नागरकोइलची गाडी. ती मिळाली. वसई रोडला सगळे सुखरूप उतरले. शेवटचा टप्पा वसई रोड ते नालासोपारा, एकच स्टेशन. पण अकरा बॅगा घेऊन संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये शिरायचं म्हटल्यावर अंदमान पार केलेले लोक मागे हटले आणि रिक्षा केल्या.

काकांवर हसणं सोपं आहे, आणि आम्ही हसतोच. पण हा माणूस नसता तर त्या बैठकीतले आम्ही सगळे आजही पार्किंगमध्येच बसलो असतो. तारकर्ली की केरळ यावर वाद घालत, एकही तिकीट न काढता.

आता काकींनी रामेश्वरची वाळू एका स्टीलच्या डबीत जपून आणली आहे. ती प्रयागला गंगेत सोडायची असते, म्हणजे यात्रा पूर्ण होते. काकांनी फाइल काढली आहे. प्रयाग, काशी, अयोध्या, आणि जातोच आहोत तर काठमांडू. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दोन जागा शिल्लक आहेत. येणाऱ्यांनी आधार कार्डाची झेरॉक्स वॉचमनकडे ठेवावी आणि खालची बर्थ मागू नये.