चालायचे पैसे

बोरिवली स्टेशनपासून आमचं घर चालत दहा मिनिटांवर आहे. शेअर रिक्षाची रांग पंधरा मिनिटांची असते. आम्ही रांगेत उभे राहतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान दाराशी आहे, पण कान्हेरीला जायचं म्हटलं की आधी ‘आत बस मिळते ना?’ हे विचारून घेतो. आणि हाच माणूस जुलै लागला की रोख पैसे मोजून पन्हाळा ते पावनखिंड चालायला जातो. भर पावसात, दोन दिवस, चिखलातून.

या मोहिमेची बस रात्री निघते. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड अशी उपनगरांची प्रदक्षिणा घालून ऐरोलीच्या पुलावर येईपर्यंत मध्यरात्र उलटते, कारण प्रत्येक थांब्यावरचा एक जण ‘पाचच मिनिटांत पोचतो’ म्हणालेला असतो. सकाळी पन्हाळ्यावर ओळखपरेड. मुलुंडकर आपण ‘पूर्वेचे’ हे आवर्जून सांगतो. सह्याद्रीला ते कळायला हवं.

मग लीडर इतिहास सांगतो. सिद्दी जौहरचा वेढा, 12 जुलै 1660 ची ती रात्र, शिवा काशीद, महाराजांची पालखी, कोसळता पाऊस. अंगावर काटा येतो. तेवढ्यात आमच्या सॅक न्यायला टेम्पो येतो. मावळे पालखी खांद्यावर घेऊन धावले, त्या वाटेवर आम्ही पाण्याच्या बाटलीचं ओझं वाहतो. दुपारी गुडघा धरून बसलेल्या अंधेरीच्या काकांनी हळूच विचारलं, “मी टेम्पोतून येऊ का?” लीडर म्हणाला, “काका, मावळ्यांना पालखी नव्हती.”

मसाई पठारावर मात्र सगळ्यांची बोलती बंद होते. जांभ्या दगडाचा सपाट सडा, झाड नाही, आडोसा नाही, आणि धुकं असं की पुढच्या माणसाचा फक्त पिवळा पोंचो दिसावा. छत्री उघडली की उलटी होते. सरळ केली की पुन्हा उलटी. इंग्लंडात असाच ओसाड माळ म्हणजे डार्टमूर. कॉनन डॉयलने तिथे बास्करव्हिल्सच्या मागे भयंकर कुत्रा सोडला. आमच्याही मागे धुक्यातून एक कुत्रं आलं. त्याला पार्ले-जी हवं होतं. दोन पुडे संपवून तेही मोहिमेत सामील झालं, पैसे न भरता.

आम्हा उपनगरवाल्यांना अंतर किलोमीटरमध्ये कळत नाही, स्टेशनांत कळतं. म्हणून वाटेत भेटेल त्याला ‘अजून किती?’ हा प्रश्न. डोक्यावर इरलं घेतलेल्या एका आजोबांनी सांगितलं, “ते काय, हितंच की!” ते ‘हितंच’ दोन ओढे, एक चढ आणि असंख्य भातखाचरं ओलांडल्यावर आलं. लीडरचं ‘वीस मिनिटं’ त्याच जातीचं. एका खाचरात घाटकोपरच्या वहिनींचा पाय वर आला, बूट आला नाही. चौघांनी कोपरापर्यंत हात घालून तो उपसून काढला. घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यावर बूट निसटला असता तर हेच चौघे त्याच्यावरून गेले असते.

याचं कारण स्वीप. लीडर सर्वांत पुढे, स्वीप सर्वांत मागे, आणि तांडा चालतो तो शेवटच्या माणसाच्या वेगाने. मागून शिट्टी आली की पुढच्यांनी थांबायचं. विरार फास्ट पकडणाऱ्यांना हे आधी झेपत नाही. तासाभराने तेच उलट वळून ‘सावकाश या हो’ म्हणू लागतात. या वाटेवर मागे थांबण्याची परंपरा फार मोठी आहे. बाजीप्रभू घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, थांबले म्हणून महाराज विशाळगडी पोचले. आमच्या स्वीपकडे तलवार नसते, क्रेप बँडेज असतं, पण थांबतो.

खिंडीत उतरायच्या जिन्यावर ही गर्दी. मागच्याने सवयीने माझ्या खांद्यावर टकटक केली, “उतरणार ना?”

परतीच्या बसमध्ये मुलुंड आधी उतरलं, मग घाटकोपर, मग अंधेरी. आमचा स्वीप निघाला बोरिवलीचाच. पहाटे नॅशनल पार्कसमोर त्याने रिकाम्या बसमध्ये टॉर्च फिरवून विचारलं, “मागे कोणी राहिलंय का?”

ड्रायव्हर म्हणाला, “तुम्ही दोघंच. उतरा आता, मलाही घर आहे.”

उतरलो, आणि रिक्षाला हात केला.