हरि आला हो!

डिसेंबर लागला की आमच्या पुण्याच्या पक्षीनिरीक्षक मंडळात एक जीवघेणा कार्यक्रम असतो. ज्याने त्याने वर्षभरातली आपली आवडती पक्षीदर्शनं सांगायची. कुणी लडाखहून काळ्या मानेचा क्रौंच घेऊन येतो, कुणी कच्छच्या रणातून रोहितांचे थवेच्या थवे आणतो. माझी पाळी आली की मी म्हणतो, ‘पंचवटी’. मग कुणीतरी समजुतीच्या सुरात सांगतो, ‘अहो, देवदर्शन नाही विचारलं.’

यंदा माझ्या पंचवटीला नऊ खेपा झाल्या. कारण आत्याचे गुडघे. आत्याचं वय अठ्ठ्याहत्तर, राहते सीता गुंफेजवळच्या जुन्या वाड्यात, आणि दवाखान्यात एकटी जायला घाबरते. डॉक्टरला नव्हे, रिक्षावाल्याला. मी सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून तिच्याबरोबर निघतो आणि येताना दोन-चार पक्षी वहीत लिहून घेतो. ती वही आत्या दुपारी चष्मा लावून वाचते. वाचून झाली की शुद्धलेखनही सुधारते.

‘शिंपी, धोबी, तांबट, कोतवाल,’ पहिल्याच खेपेला तिने मोठ्याने वाचलं. ‘अरे, तू पाखरं बघायला जातोस की गणपतीची वर्गणी गोळा करायला?’

मी म्हटलं, ही पक्ष्यांचीच नावं आहेत. अशी कितीतरी नावं मारुती चितमपल्लींनी रानावनात, आदिवासींच्या तोंडून ऐकून पक्षिकोशात आणून ठेवली. जूनमध्ये ते गेल्याची बातमी आली, तेव्हा आत्याने वही मिटून थोडा वेळ मांडीवर ठेवली. ‘नावच मारुती,’ म्हणाली, ‘रानात रमायचेच.’

मार्चमधलं दर्शन मात्र मी जन्मात विसरणार नाही. सीता गुंफेपाशी दर्शनाची रांग लागली होती. आत जाताना चांगला चांगला माणूस रांगतो, त्यामुळे बाहेर रांग कायम तुंबलेली. शेजारच्या वडाला लालबुंद फळं लगडली होती. मी रांगेच्या कडेला उभा राहून सहज वर पाहिलं आणि छातीत धस्स झालं. हरियाल! आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी! अंग पिवळसर हिरवं, पाय हळदीत बुडवल्यासारखे, आणि एवढा मोठा असूनही वडाच्या पानांत असा मिसळलेला की हलला नाही तर दिसायचा नाही. मी दुर्बीण लावली. मी वर बघतोय म्हणून मागचा बघू लागला, त्याला बघून त्याच्या मागचा. पाच मिनिटांत चाळीस माना वर.

‘काय दिसलं हो?’ एका मावशींनी विचारलं.

‘हरियाल,’ मी कुजबुजलो.

मावशींना कमी ऐकू येत असावं. त्यांनी मागे वळून खणखणीत आवाजात सांगितलं, ‘हरि आला!’

‘हरि आला’ रांगेच्या शेपटापर्यंत पोचायला मिनिटही लागलं नाही. कुणी हात जोडले, कुणी पोराला खांद्यावर घेतलं, एका गृहस्थांनी झाडाच्या दिशेने पाच रुपयांचं नाणं फेकलं. नाण्याच्या आवाजाने पाचही हरियाल भर्रकन उडाले. हो, पाच होते. उडाल्यावर कळलं. मावशी माझ्याकडे कृतज्ञतेने बघत होत्या. मी खुलासा करणार होतो, पण इतकी आनंदी रांग मी नाशिकात दुसरी पाहिली नव्हती. गप्प बसलो.

मेमध्ये रामकुंड. पक्षी बघायचं शिकायचं असेल तर लोक उगाच जंगलात जातात. दशक्रियेला बसलेलं कुटुंब पिंडाला कावळा शिवायची वाट बघतं, ती एकाग्रता मला कुठल्याही अभयारण्यात दिसलेली नाही. हालचाल नाही, आवाज नाही, नजर एका जागी खिळलेली. आमच्या मंडळात हे शिकवायला मी दोन वर्षं घालवली आहेत.

त्या दिवशी कावळा हातभर अंतरावर कठड्यावर बसला होता आणि शिवत नव्हता. गुरुजींनी सांगितलं, मृताची काही इच्छा राहिली असेल तर बोला. थोरला म्हणाला, ‘अण्णा, नातीचं शिक्षण पुरं करतो.’ कावळ्याने चोच घासली. सून म्हणाली, ‘आईंना नीट सांभाळू.’ कावळ्याने पाठ फिरवली. इथे मला राहवलं नाही. मी पुढे होऊन नम्रपणे सांगितलं, ‘हा घरकावळा आहे, मान राखाडी आहे बघा. पलीकडे बसलाय तो डोमकावळा, सगळा काळा.’ सगळं सुतक माझ्याकडे वळून बघू लागलं. शेवटी थोरल्याने मोठा श्वास घेतला. ‘बरं, ते सहा गुंठे धाकट्यालाच.’ कावळा टुणकन उडी मारून पिंडावर.

वहीत मी लिहिलं : घरकावळा, संख्या १, सकाळी १०.२०, वर्तन : न्यायदान. आत्याने यात काहीही सुधारलं नाही.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्या खेपेला मी खिडकीतच जास्त होतो. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की पंचवटीकर पाणी फुटात मोजत नाहीत, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात. कमरेला लागलं, छातीला लागलं. छातीला लागलं त्या दिवशी त्याच्या डोक्यावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. पाणकावळ्याचे पंख बदकासारखे पाणी झटकून टाकत नाहीत, त्यामुळे बुडी मारून आलं की वाळवत बसावं लागतं. आत्याला मात्र तो मारुतीवर छत्री धरून बसलेला दिसला.

नोव्हेंबरात तपोवनातल्या झाडांवरून गाव तापलं. सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायचा तर झाडं तोडायची का, यावर जो तो बोलत होता. त्यातल्याच एका झाडाच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहते. संध्याकाळच्या सभेला दोघंही फांदीवर हजर. बोलले कमी, डोळे जास्त वटारले. मी त्यांच्याच बाजूचा.

डिसेंबरात आत्या म्हणाली, तुझं ते पाखरांचं नांदूर मधमेश्वर मलाही दाखव. पहाटे गाडी करून निघालो. चांदोरी, सायखेडा मागे पडलं, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि निफाडची थंडी. ही थंडी दर वर्षी पेपरात येते, आम्ही तिला प्रत्यक्ष भेटलो. आत्या शाल, स्वेटर आणि माकडटोपी घालून चापडगावला उतरली. समोर फलक होता : ‘रामसर स्थळ’. आत्याने वाचला आणि चपला काढल्या.

‘आजी, पायताण असू द्या,’ गाईड पोरगा म्हणाला. ‘रामसर हे इराणातलं गाव आहे. कास्पियन समुद्राकाठी. १९७१ साली तिथं पाणथळ जागांचा करार झाला. त्या यादीत महाराष्ट्रातून सगळ्यात आधी आपलं नांदूर लागलं.’

‘इराणात का असेना, नाव कुणाचं आहे?’ आत्याने विचारलं. पण जमिनीचा गारठा तळव्यांना भिडला तशी ‘देव भावाचा भुकेला’ म्हणत चपला पुन्हा घातल्या.

गोदावरी आणि कादवा इथे मिळतात. इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, त्यात वर्षानुवर्षं गाळ साचला, बेटं झाली, लव्हाळी माजली आणि पाखरांनी संसार थाटले. माणसाच्या बांधकामातला गाळ कुणाच्या एवढा उपयोगी पडल्याचं उदाहरण विरळा.

‘म्हणजे रामकुंडावर सोडलेलं सगळं इथं येतं?’

‘सगळं, आजी. पानवेलीसकट.’

पाण्यावर काळे पक्षी पसरले होते, शेकड्यांनी. मी म्हटलं, ‘हे वारकरी.’ आत्याने दुर्बीण मागून घेतली. ‘अंग बुक्क्याचं आणि कपाळाला पांढरं गोपीचंदन,’ ती म्हणाली. ‘नाव ठेवणाऱ्याला डोळे होते.’ मग शेकाट्या, थापट्या, चक्रवाकाची जोडी, जांभळी पाणकोंबडी असं मी भराभर दाखवत सुटलो. आत्याने थर्मास काढला. त्याचं झाकण अडकलं. मी ते दातांत धरून फिरवत असताना डोक्यावरून काहीतरी ओरडत गेलं. झाकण निघालं तेव्हा आकाश रिकामं.

‘सर, करकोचे!’ गाईड ओरडला. ‘बावीस होते!’

‘माळेसारखे गेले,’ आत्या म्हणाली. ‘पाय मागे सोडून. सुरेख.’

नियम कडक आहे, स्वतः पाहिलं नाही ते यादीत घालता येत नाही. करकोचे आत्याच्या यादीत आहेत. माझ्या यादीत थर्मास.

परत निघायच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, ‘सगळं दाखवलंस, जटायू कुठाय? पंचवटीत राहते मी.’ मग त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीला गेलो. गड चढणं शक्यच नव्हतं. पायथ्याला खुर्ची टाकून आत्याला बसवलं. इथल्या कड्यांत लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. मी तिला सांगितलं की पूर्वी देशभर गिधाडांचे थवे असायचे. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक द्यायला लागले, ते जनावर मेल्यावर गिधाडांनी खाल्लं, आणि मूत्रपिंडं निकामी होऊन काही वर्षांत शंभरातली नव्वदच्या वर नाहीशी झाली. गुरांसाठी ते २००६ मध्ये बंद केलं.

आत्याने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून लांब धरून वाचली. ‘डायक्लो… हीच का रे? माझ्या गुडघ्याची?’

‘हीच.’

‘मग मी गेले की मला गिधाडांपुढे ठेवू नका,’ तिने पट्टी परत आत टाकली. ‘उगाच पाप.’

दोन तास गेले. मान आखडली. मग कड्याच्या फार वर एक ठिपका आला. पंख न हलवता एक घिरटी, दुसरी घिरटी. मी दुर्बीण लावेपर्यंत तो उन्हात शिरला. रुंद पंख वाटले, शेपूट आखूड वाटली. पण घारही असेल, सर्पगरुडही असेल. मी मान खाली केली तेव्हा आत्याने डोळे मिटून हात जोडले होते.

वहीत मी प्रामाणिकपणे लिहिलं : गिधाड (?), संख्या १. रात्री बॅग भरताना वही उघडली तर प्रश्नचिन्ह खोडलेलं होतं, बॉलपेनने, कागद फाटेपर्यंत.